खाली नुसतं गवत

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू राहतं घर सोडून दोन खोल्यांत जाणार, ही बातमी मला तुझ्या डॉक्टरांकडून कळली. सख्खा भाऊ असून परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं, याचं वाईट वाटलं. गुडघ्यांसाठी तळमजला घेतलास हे मात्र शहाणपणाचं केलंस. पण एवढ्या चित्रांचं काय करणार? जन्मभर डोंगर, नद्या नि झाडं काढलीस. माणूस काढ म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी. दोन खोल्यांत काही डोंगर मावायचे नाहीत.

तेव्हा कामाचं बोलतो. आमच्या नव्या दिवाणखान्याची मोठी भिंत रिकामी आहे. तुझं नदीकाठचं जुनं चित्र तिथे किरकोळ दिसतं. पाहुण्यांनी नाव काढावं असं काहीतरी दे. तीच नदी, पण ऐसपैस, आणि काठावर आपली सगळी मंडळी असू देत. आई, बाबा, अगदी कुत्रासुद्धा. भिंतीचं माप सोबत पाठवतो आहे.

सामान हलवायला माणसं हवी असतील तर पाठवतो. मला कंबरेमुळे यायला जमणार नाही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
छोट्या

दि. ९ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. घर सोडण्याचं तुला मुद्दामच कळवलं नव्हतं, त्यामुळे तुला वाईट वाटल्याचं वाचून बरं वाटलं.

आवराआवर चालू आहे. उंच ईझल शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना दिला. टक्कल पडलेले ब्रश नि दगड झालेल्या रंगाच्या नळ्या टाकल्या. चित्रांचं असं करते, की एकेक उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवते. जे फिरवताना हात अडखळतो ते माझ्याबरोबर येणार, बाकीची वाटून टाकणार. फार थोड्यांना हात अडखळतो, असं दिसतं आहे.

तुझ्याकडचं चित्र किरकोळ कशाने झालं, आठवतं? जुन्या घरी ते सोफ्याच्या वर बसेना, म्हणून तू चौकटीतून काढून खालची वीतभर पट्टी कातरीने कापलीस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, की खाली नुसतं गवतच तर होतं. त्या गवतात आई बसली होती. अंगठ्याएवढी, पण आई. पट्टी तोवर केरात गेली होती. त्या दिवसापासून मी तुझ्या घराची पायरी चढले नाही, आणि तू समजत राहिलास की माझे गुडघे दुखतात.

आई कधी चित्राला बसली नाही. मी वही उघडली की लाजून पाठ फिरवायची. त्या एका दिवशी ती वळून हसली, तेवढं मी रंगात धरलं, आणि पुढच्या महिन्यात ती गेली. समोर पाहिल्याशिवाय मी काही काढत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा ते हसू पुन्हा काढणं माझ्या हाती राहिलेलं नाही.

असो. चित्र देते. तुझ्या भिंतीच्या मापाचंच काढते, म्हणजे कातरीला त्रास नको. त्या दिवसांतल्या पेन्सिलीच्या वह्या आहेत, त्यांवरून मंडळी बसवीन. हे माझं शेवटचं मोठं काम, अगदी जीव ओतून करणार आहे.

लोभ किती ठेवायचा ते चित्र पाहून ठरव.

ताई

दि. २२ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

चित्र सुखरूप पोचलं. नदी अशी उतरली आहे की दिवाणखान्यात गारवा आल्यासारखं वाटतं. ह्यांनी वर खास दिवा बसवून घेतला आणि ऑफिसातली जुनी मंडळी, शेजारी, व्याही, सगळ्यांना एकाच दिवशी चहाला बोलावलं. हातात पट्टी घेऊन मास्तरांसारखे दाखवत होते. हे बाबा, गळ टाकून बसलेले. ही आई, पाठमोरी, छत्री घेऊन. ही ताई, मांडीवर रंगपेटी. हा आमचा कुत्रा.

मग विहीणबाईंनी विचारलं, की यात तुम्ही कुठे आहात. हे म्हणाले, असेन इथेच कुठेतरी. चष्मा पुसला, झाडाआड शोधलं, होडीत शोधलं. व्याही म्हणाले, की कुत्र्याला जागा मिळाली आणि मुलाला नाही. सगळे हसले. हेही हसले, पण ह्यांचा चहा तसाच राहिला.

आता रोज भिंग घेऊन चित्रापुढे उभे राहतात. वन्सं काढायला विसरल्या असतील असं मी म्हटलं, तर म्हणाले, की ताई पान विसरत नाही, तर माणूस कसा विसरेल. तुमचं फेब्रुवारीतलं पत्र मी वाचलं आहे, त्यामुळे तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या सोफ्याला मीही पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. फक्त एवढंच सांगा, की हे आहेत तरी कुठे?

माझ्यावरचा लोभ ह्यांच्या खात्यात धरू नये.

तुमची,
धाकटी

दि. २९ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

त्याचा चहा निवला हे वाचून मी माझा गरम चहा सावकाश, चवीने प्यायले. नव्या घराला एकच बरी खिडकी आहे आणि ती शेजारच्या भिंतीवर उघडते. पण त्या दिवशी मला तीही आवडली. म्हातारपणी एवढं सुख पुरे.

तो कुठे आहे विचारतेस. आईच्या डाव्या हाताला, पाण्याजवळ, त्या दिवशी तो जिथे होता तिथे गवत आहे. वह्यांत त्याची ढीगभर चित्रं आहेत, तेव्हा विसरले वगैरे काही नाही. त्याला माझा निरोप सांग, की गवतच तर आहे.

मला पश्चात्ताप झालेला नाही. झालाच तर कळवीन. तुझ्यावर लोभ आहे आणि तो तुझाच आहे.

ताई

दि. ६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निरोप मिळाला. दोन दिवस मनातल्या मनात तुला वाटेल ते बोलून घेतलं. मग आईच्या डावीकडचं गवत भिंगातून पाहिलं. बाकीच्या काठावर तू एका फटकाऱ्यात गवत ओढलं आहेस. तिथे मात्र एकेक पातं वेगळं आहे. मला वगळायला तुला बराच वेळ लागलेला दिसतो.

ते पाहता पाहता आठवलं. बाबांच्या गळाला मासा लागला म्हणून मी ओरडत धावलो आणि घसरून चिखलात बसलो, नोकरीला लागल्यावर घेतलेल्या पहिल्या पँटसकट. आई त्यालाच हसत तुझ्याकडे वळली होती ना? म्हणजे मी कापलं ते तिचं मला हसणं होतं. ताई, मी ते चित्र कधी नीट पाहिलंच नव्हतं. नुसतं माप घेतलं होतं.

नवं चित्र उतरवणार नाही. येणारा प्रत्येक जण मी कुठे आहे विचारतो, आणि मी काय केलं ते सांगतो. फार लाज वाटते. चुकलो. लोभ मागायची छाती नाही, उरला असेल तो असू दे.

छोट्या

दि. १२ मे

चि. छोट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुला लाज वाटते हे वाचून समाधान झालं. राग मात्र गेलेला नाही. इतकी वर्षं खाऊपिऊ घालून वाढवला, तो एका पत्रासरशी थोडाच घर सोडेल.

ब्रश सगळे वाटले, एक बारीक तेवढा ठेवला आहे. या महिन्यात चित्र घेऊन नदीवर ये. पाणी ओसरलं आहे आणि काठचा चिखल अजून मऊ आहे. चांगली इस्त्रीची पँट घाल आणि माझ्यासमोर घसरून पड. कंबरेची सबब चालणार नाही. तुला उभा, ऐटीत वगैरे काढणार नाही. चिखलात बसलेलाच काढीन, आणि तसाच तू त्या खास दिव्याखाली राहशील. व्याह्यांना पुन्हा चहाला बोलव.

समोर पाहिल्याशिवाय मी काढत नाही, आणि तू पडल्याशिवाय आई काही वळायची नाही.

लोभ काठावर राखून ठेवला आहे.

ताई