जुळणी ९९.२

२८ जुलै, निंगबो
काल चीनमध्ये पोहोचले. खोली अकराव्या मजल्यावर, खिडकीतून नदी आणि मालवाहू बोटी दिसतात. खाली मासळीबाजार आहे. वास थेट आमच्या रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीसारखा, त्यामुळे पहिल्याच दिवशी बरं वाटलं. आईने दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी फुटली नाही.
कारखान्यात चेहरा ओळखून उघडणारी फाटकं बनतात. कुणी नुसता फोटो दाखवला तर फाटक उघडता कामा नये. ते तपासणं माझं काम. आमच्या स्वतःच्या प्रवेशद्वारावरही तेच फाटक आहे. आत जाताना प्रत्येकाच्या चेहऱ्याची जुळणी पडद्यावर दिसते, ऐंशीच्या खाली गेली तर उघडत नाही. माझी ९९.२. शेजारच्या टेबलावरची लिन म्हणाली, नव्या माणसाचा एवढा आकडा पहिल्यांदाच पाहिला.

७ ऑगस्ट
हजार फोटो दाखवून झाले, एकानेही फाटक फसलं नाही. कॅन्टीनमध्ये भात रोज, मीठ कमी.
फोनवर आईचा एकच प्रश्न: चवथीला येशील ना गो बाय? पहिले सहा महिने सुट्टी नाही, हे तिला रत्नागिरीतच सांगितलं होतं. वाद नको होता. येते म्हणाले.

१६ ऑगस्ट
आईने ग्रामदेवतेपुढे गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. नारळ ठेवला, माझं नाव घेतलं, मी घरी यावं म्हणून. फार आनंदात होती. खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.
जुळणी ९४.६. कॅमेऱ्याची काच पुसली.

२२ ऑगस्ट
८८.१. कॅमेरा तीनदा तपासला. बाकी सगळे ९८ च्या वर. माझा फोटो नव्याने नोंदवला, तरी तेच. लिन हसून म्हणाली, अर्धी घरी पोचलीस वाटतं. चष्मा, केस, प्रकाश, काहीच बदललेलं नाही.

२६ ऑगस्ट
८०.४.
येत नाही हे आज सांगायचंच म्हणून फोन केला. धाकट्या भावाने, सुजयने उचलला. म्हणाला, ताई, नाटकं पुरे, सकाळच्या गाडीने आलीस, पडवीत बसून नारळ खवतेस, आणि वर फोनही करतेस? थट्टा वाटली. व्हिडिओ लाव म्हटलं. त्याने फोन फिरवला.
विळीवर पाठमोरी एक बाई. अंगात माझा हिरवा ड्रेस, मी इथे आणलेला. डाव्या हाताने खवत होती. घरात डावखुरी मी एकटीच.
ती मान वळवणार तेवढ्यात फोन कट झाला. कपाट उघडलं. हँगर आहे. ड्रेस नाही.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
६१. फाटक उघडलं नाही. रखवालदाराने ओळखपत्र पाहिलं, मग मला, मग पुन्हा ओळखपत्र. लिनने आत घेतलं, आणि जिन्यात विचारलं, तू कुठल्या विभागातली?
तीनला, म्हणजे घरी साडेबाराला, फोन लावला. आरती चालू होती. आईला म्हटलं, अगं मी बोलतेय. ती म्हणाली, आमची वेदिका इथे आरतीला उभी आहे, तुम्ही कोण बोलता?
आई मला तुम्ही म्हणाली. मागे आरतीत माझाच आवाज —

३० ऑगस्ट
२२. आशा एकच. विसर्जन झालं की ती जाईल.
वेदिकाची मैत्रीण म्हणून सुजयला मेसेज केला, गाऱ्हाणं नेमकं काय घातलं होतं विचारलं. उत्तर आलं: बाय घरी येऊ दे, आणि परत जाऊ देऊ नको.

१ सप्टेंबर
आकडाच नाही. पडद्यावर — चेहरा आढळला नाही.
आरशात —
नको.

३ सप्टेंबर
घरच्या ग्रुपवर कालच्या विसर्जनाचा फोटो. किनाऱ्यावर आई, सुजय, आणि ती. सरळ कॅमेऱ्याकडे बघत.
फाटकासमोर फोन धरला. ९९.२. उघडलं. फोटोला.
मी पाऊल टाकलं, तर कुणीच नसल्यासारखं मिटलं. बाहेर पायरीवर बसून लिहितेय. लिन गेली — हाक मारली — वळली नाही —
पेन दिसतंय. डावा हात दिसत नाही. आता पेनही —