साडूंची बी टीम आणि माझं तत्त्व

३ ऑगस्ट
सीझन सुरू होतोय. आजपासून रोजनिशी. मोठे कोच लिहून ठेवतात म्हणे. वही फक्त माझ्यासाठी आहे, तेव्हा हातचं काही राखायचं नाही.
दिवसा नळ आणि टाइल्स विकतो, ते पोटासाठी. संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो, तो खरा मी.
संकल्प: यंदा आमच्या फुटबॉल क्लबला चौथ्या लीगच्या वरच्या अर्ध्यात न्यायचंच. दरवर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत जीव टांगणीला लागतो, ते बंद. शिवाय रोज पहाटे पळायचं.
पळणं उद्यापासून. आज बूट सापडले नाहीत.

७ ऑगस्ट, दुपार, दुकानात
मेव्हणीचा फोन आला होता, हिच्या थोरल्या बहिणीचा. बातमी अशी की मोठ्या क्लबने आपली रिझर्व्ह टीम आमच्या लीगमध्ये घातली आहे. बी टीम. आणि बी टीमचे कोच कोण? माझे साडू!
साडू त्या क्लबात प्लॅस्टिकचे कोन मांडतात आणि चेंडूत हवा भरतात अशी माझी समजूत होती. ती समजूत तुम्हीच करून घेतलीत, असं ही म्हणाली.
अभिनंदन केलं. स्पीकरवर, मनापासून. माझ्या मनात काही नाही.
तत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा. दहा जागांतली एक यांनी अडवायची. नियमाने यांना वर जाता येत नाही, आणि खाली जाण्याइतके हे वाईट नाहीत. म्हणजे ज्यांना काही मिळवायचं नाही नि गमवायचंही नाही, त्यांनी येऊन आम्हाला तुडवायचं. साडूंच्या जागी दुसरं कोणी असतं तरी मी हेच म्हटलं असतं. इतक्या मोठ्याने नसतं म्हटलं कदाचित.

१८ ऑगस्ट, रविवार
साडू आणि मेव्हणी जेवायला. साडू ट्रॅकसूट घालून आले. रविवारी! जेवायला!
निळा. छातीवर क्लबचं चिन्ह, खाली सोनेरी दोऱ्याने यांची आद्याक्षरं. सोफ्यावर टाकलेलं जाकीट सरकवायच्या निमित्ताने कापड बघून घेतलं. ठीक आहे.
ही म्हणाली, भावजींना निळा रंग काय खुलतो. लग्नाला वीस वर्षं झाली. मला अजून कुठलाच रंग खुललेला दिसत नाही.
साडूंनी विचारलं, तुमच्याकडे सामन्यांचे व्हिडिओ कोण बघतं. म्हटलं, आमचं सगळं डोळ्यांनीच चालतं. मेव्हणी हसली. मी विनोद केला नव्हता.
संकल्प: यापुढे या वहीत साडूंचा विषय नाही.

१९ ऑगस्ट
साडूंना बस आहे. टीमची स्वतंत्र बस, आत टॉयलेट. मेव्हणीने फोटो पाठवला. बेसिनचा नळ आमच्या दुकानातला सगळ्यांत स्वस्त आहे, तोच. हे हिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने दिवा बंद केला.

२८ सप्टेंबर
०-६.
घरच्या मैदानावर. उद्या लिहीन.

२९ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. पहिली दहा मिनिटं आपण त्यांना कोंडून ठेवलं होतं. नंतर नशीब फिरलं. सहा वेळा.
मुळात तो सामनाच नव्हता. मोठ्या क्लबच्या थोरल्या संघातले तीन खेळाडू दुखापतीतून उठलेत, त्यांना जरा पाय मोकळे करायला बी टीममधून उतरवलं. त्यातला एक टीव्हीवर दिसतो. म्हणजे आम्ही त्यांचा व्यायाम!
सामना संपल्यावर आमच्या कॅप्टनने त्या टीव्हीवाल्याबरोबर सेल्फी काढला. कॅप्टन प्लंबर आहे, उभा राहिला की हलत नाही, म्हणून सगळे त्याला भिंत म्हणतात. काल भिंतीला सहा भोकं पडली आणि हा दात काढून फोटो काढतोय. त्याच्याशी बोललो नाही. फोटो मागवून घेतला. कोपऱ्यात मी आहे, तोंड उघडं.
गर्दी म्हणे कधी नव्हे इतकी होती. कॉफी संपली, सँडविच संपले. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते खुशीत, अशी टीम दर आठवड्याला यायला हवी म्हणाले. स्वतःची दाढ उपटली जात नसली की माणसाला असं वाटतं.
हात मिळवताना साडू म्हणाले, पहिली दहा मिनिटं तुम्ही छान खेळलात.
छान! एकवेळ शिवी दिली असती तरी चाललं असतं.

१ ऑक्टोबर
लीगच्या सभेपुढे प्रस्ताव मांडणार. सबंध दुपार दुकानात बसून लिहिला, गिऱ्हाइकं थांबली. कलम एक: रिझर्व्ह टीमने चौथ्या लीगमध्ये खेळू नये, पाचवीत जावं. कलम दोन: रिझर्व्ह टीम हा क्लब धरू नये. कलम तीन: तिच्याशी झालेले सगळे सामने याच सीझनपासून गुणतक्त्यातून पुसून टाकावेत.
तिसरं कलम लिहिताना हाताला विशेष जोर आला. ०-६ कुठे म्हणजे कुठे राहणार नाही.
मतदान सीझन संपल्यावर. तोवर बाकीच्या क्लबांच्या गाठीभेटी घ्यायच्या.

१२ नोव्हेंबर
हरलो. पंच.

२६ नोव्हेंबर
हरलो. वारा.

१० डिसेंबर
बरोबरी. ही खरी टीम!
खालून दुसरे आहोत. शेवटचे दोन पाचवीत जातात. डॉक्टर म्हणाले, खाली गेलो तर निम्मे खेळाडू सोडून जातील, क्लब चालवणं अवघड होईल. क्लब माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. मैदानाच्या कुंपणाला पहिला रंग त्यांनी दिला होता. माझ्या हातून तो खाली जाणार नाही, हे इथे लिहून ठेवतो.
साडू लीगमध्ये पहिले. पेपरात फोटो, ट्रॅकसूटमधला.
ही सरळ म्हणाली, तुम्ही जळताय. मी मुळीच जळत नाही. मला फक्त त्यांचं काही चांगलं झालेलं बघवत नाही, आणि तेही तत्त्वासाठी.

९ मार्च
जिंकलो. २-१. बी टीमविरुद्ध. त्यांच्या मैदानावर!!
माझा उलटा त्रिकोण चालला. पुढे एक, मागे बाकीचे. लोक म्हणतात की थोरल्या संघात तापाची साथ आली, म्हणून बी टीममधले सगळे चांगले खेळाडू आयत्या वेळी वर बोलावले आणि साडूंकडे उरलीसुरली पोरं राहिली. लोक काय, काहीही म्हणतात. दुसरा गोल भिंतीच्या गुडघ्याला लागून गेला, तोही सरावात ठरवल्याप्रमाणे.
शिट्टी झाल्यावर मी रडलो. पावसाचं पाणी आहे, असं हिला सांगितलं. पाऊस नव्हता. ती मैदानात उतरून आली आणि साडूंच्या देखत माझी कॉलर सरळ केली.
बसपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. आमची बस नाही, शहराची बस.

११ मार्च
२-१ दाखवणाऱ्या फलकाचा फोटो फ्रेम करून काउंटरवर ठेवला. शॉवर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, हे काय. सांगितलं. त्यांना घाई होती, पण मी थोडक्यात सांगितलं. त्या शॉवर न घेताच गेल्या.

६ एप्रिल
गाठीभेटी जोरात. काय सांगू, एकेक क्लब लगेच तयार! दोन कोचनी तर मला मिठी मारली. माझा शब्द इतका चालतो हे मलाच ठाऊक नव्हतं.
सरावानंतर भिंत हळूच म्हणाला, कोच, बी टीमशी बाकीचे सगळे दोन्ही वेळा हरलेत, जिंकलो ते आपण एकटेच ना? मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पोराला अभिमान आहे. तो आणखी काही बोलणार होता, पण मी त्याला उलट्या त्रिकोणाची बारीकसारीक बाजू समजावून सांगायला घेतली.

१८ मे
वाचलो! खालून तिसरे. एका गुणाने. कुंपणाजवळ जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. वडील असते तर काही बोलले नसते, पण चहा पाजला असता.

२२ मे, संध्याकाळ
साडूंचा फोन. आवाज मऊ. म्हणाले, साडूभाऊ, प्रस्ताव मागे घ्या, तुमच्या भल्याचं सांगतोय, जरा गुणतक्ता समोर घेऊन बसा.
घाबरले! कधी नव्हे ते साडू मला विनवतायत. मी म्हटलं, तत्त्वापुढे नातं नाही. फोन ठेवला.
हिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, पण मग आपला तो मार्चमधला सामना? म्हटलं, तो इतिहास आहे, तो कोण पुसणार.

२४ मे
सभा. काय बोललो मी! छोट्या क्लबांचा घाम, त्यांची माती, मोठ्यांची मस्ती. एकाने डोळे पुसले. डॉक्टर शेजारी बसून सारखी माझी बाही ओढत होते. भाषण लांबतंय असं वाटलं असेल. मी आणखी जोरात बोललो.
आठ विरुद्ध शून्य. बी टीमला मत नाही. आमचे डॉक्टर तटस्थ, डोकं हातात धरून. टाळ्या थांबेनात. साडू मागच्या रांगेत, जमिनीकडे बघत.
आयुष्यात पहिल्यांदा साडूंना हरवलं. नीट सांगायचं तर दुसऱ्यांदा.

२५ मे, सकाळ
नवा गुणतक्ता आला.

२५ मे, दुपार
बी टीमशी झालेले सगळे सामने रद्द. त्यात ०-६ गेला. २-१ पण गेला. बाकीच्यांनी त्यांच्याकडून एकही गुण घेतला नव्हता, त्यांचं काय जाणार? तीन गुण गेले ते आमचे.
आम्ही खालून दुसरे.

२७ मे
लीगच्या ऑफिसात अपील घेऊन गेलो. मुद्दा बिनतोड होता. बी टीम पाचवीत जातेय, मग खाली जाणाऱ्या दोघांतली एक ती धरा आणि आम्हाला ठेवा. कारकुनाने माझ्याच सहीचा कागद पुढे केला. कलम दोन. रिझर्व्ह टीम हा क्लब धरू नये.
मराठी फार स्वच्छ लिहिलं होतं.

३० मे
डॉक्टरांकडे राजीनामा घेऊन गेलो. त्यांनी खुर्चीत बसवलं. सवयीने तोंड उघडलं. ते म्हणाले, तोंड मिटा आणि कोच राहा, फुकट काम करणारा दुसरा कुठून आणू. भिंत सोडून जाणार नाही म्हणाला, त्याला हलायला आवडत नाही.
कुंपणाकडे बघवत नाही. फ्रेम काउंटरखाली ठेवली.

१४ जून
साडूंना बढती. थोरल्या संघाचे सहायक कोच. पाचवीत आमचा पहिला सामना बी टीमशी आहे, पण तिथे आता दुसरं कोणीतरी असेल. म्हणजे साडूंना हरवायची सोयही गेली.
मेव्हणी येऊन गेली. साडूंना नवा ट्रॅकसूट मिळाला, म्हणून जुना तुमच्यासाठी पाठवलाय म्हणाली, सरावाला होईल. चिन्ह आणि आद्याक्षरं उसवून काढली आहेत, पण टाक्यांच्या खुणा दिसतात. साडूंनी स्वतः बसून उसवलं म्हणे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. यावर माणसाने रागवायचं तरी कसं?
जळतो मी त्यांच्यावर. वही माझीच आहे, लिहायला काय हरकत आहे.
ही बाहेर गेली तेव्हा घालून पाहिला. लहान तरी व्हावा, नाहीतर मोठा तरी, अशी आशा होती. अगदी मापात बसला. कपाटाच्या आरशासमोर उभा राहून शिट्टी वाजवल्यासारखं केलं.
ही परत आलेली कळलंच नाही. दारात उभी होती. हसेल असं वाटलं. हसली नाही. जवळ येऊन कॉलर सरळ केली आणि म्हणाली, निळा रंग खुलतो हो तुम्हाला.
वीस वर्षांनी खुलला. आणि तोही साडूंचा.