रुमालाखालचा हात

तीर्थस्वरूप दाजी,

परभणीच्या दवाखान्यात माझी गोळी फुकट मिळते. फुकटच्या मालाची किंमत कुणी काढत नाही, पण मी व्यापारी माणूस, काढतो. या गोळीनं आधी माझी सकाळ घेतली. मग कंबर घेतली. पट्ट्याला भोकं पाडता पाडता चामडं संपलं. दिवसभर तोंड कोरडं ठेवलं आणि झोपेत उशी ओली केली. चालताना हात हलायचे ते थांबवले, आणि बसल्यावर जागेवर राहायचे ते हलवले. माझ्या बायकोचा, मंगलचा, नवरा घेतला, तो काही परत दिला नाही. बदल्यात एकच वस्तू दिली. कानामागची शांतता.

महाग पडली का? तुम्ही म्हणायचात, "ग्यानबा, महाग असू दे, माल खरा हाय."

आज लिहायला बसलो त्याचं कारण असं की काल सोनपेठचा शेळ्यांचा बाजार झाला, आणि कालच्या बाजारात तुमचा आवाज आला नाही. तोंडानं तुमच्याशी बोलायची मला आता भीती वाटते. उत्तर आलं तर काय करायचं? त्यापेक्षा कागद बरा. कागद उलट बोलत नाही.

तुम्हाला आठवतं ना, हे सगळं कसं सुरू झालं? आईबापाबरोबर उसाच्या फडात मोळ्या बांधणारा मी. तुम्ही अर्धलीनं दोन शेळ्या दिल्या, त्यांची पिल्लं अर्धी तुमची, अर्धी माझी. तिथून मी स्वतःच्या पिकअपपर्यंत आलो. गाडी दारात उभी राहिली त्याच साली कानात माणसं बोलायला लागली. मी म्हणायचो, हे शेजारचे बोलतात, दलाल बोलतात, माझ्यावर टपलेत. तुम्ही माझ्याबरोबर गावभर फिरून एकेका घरात विचारलंत, "काय हो, तुमी बोललात का ह्याला?" कुणीच बोललं नव्हतं. तेव्हा कुठं तुम्ही मला एसटीत घातलंत.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. तुमच्या तोंडात ते बसलंच नाही. तुम्ही त्या आवाजांचं नाव ठेवलंत, पाव्हणे. रोज संध्याकाळी विचारायचात, "आज पाव्हणे आले व्हते का?" आणि बाजारात चारचौघांत माझ्या कानांचं कौतुक निघालं, की हा माणूस डोळे मिटून नुसत्या खोकल्यावरून आजारी शेळी काढतो, तर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचात, "लय तिखट कान हायत आमच्या मेव्हण्याचे. नसलेलं बी ऐकतो." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, दाजी-मेव्हण्याची थट्टा. मी पण हसायचो. दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

गोळी सुरू झाली आणि पाव्हणे उठून गेले. पण जाताना घर विस्कटून गेले. पायांचं तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी कोंडलेली करडं जशी दाराला धडका देतात, तसं पायांत काहीतरी व्हायचं. बसलो की उठावं वाटायचं, उठलो की बसावं वाटायचं. परभणीला जाताना जागा असून मी उभा यायचो आणि तुम्ही दोन माणसांच्या जागेवर ऐसपैस बसायचात. कंडक्टरला म्हणायचात, "त्याला बसवू नका, तिकिटात मला दोन सीटा मिळाल्यात."

थरथरीवर डॉक्टरांनी आणखी एक बारीक गोळी दिली. तिनं थरथर थोडी बांधली आणि तोंडाचा उन्हाळा केला. पोट दोन दोन दिवस बोलेना. एका गोळीचा त्रास दुसरीनं झाकायचा आणि दुसरीचा इसबगोलानं. मंगलनं कधी तक्रार केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं, दाजी. ती नुसती माझं अंथरूण नीट करायची, उशीवर जुनं धोतर घडी घालून टाकायची आणि कूस बदलून झोपायची.

रोज जेवणानंतर तुम्ही आमच्या ओसरीवर यायचात. एका हातात माझी गोळी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. गोळी मला, गूळ स्वतःला. "तुजी कडू, माजी गोड, दोघांचं बी औषध झालं." मी गिळली की नाही हे बघायला येता, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण तुम्ही कधी "तोंड उघड" म्हणाला नाहीत. गूळ चघळत बसायचात, बस्स. डॉक्टर सांगायचे, हात फार हलत असेल तर या, गोळी बदलून बघू. मी निघालो की तुम्ही आडवे यायचात. "चालत्या गाडीला खीळ कशाला?" इथं मात्र चुकलात तुम्ही. पाव्हणे परत येतील याची माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त भीती होती.

हात हलतो म्हणजे काय, हे आपल्या धंद्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आता पोरं मोबाईलवर आकडा दाखवून सौदा करतात. आपण जुने. रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं एक शब्द नाही, शेजारच्याला पत्ता नाही. अशा धंद्यात ज्याची बोटं आपोआप नाचतात, त्यानं काय करावं? तुम्ही माझ्या उजवीकडं बसायचात आणि माझ्या कोपरावर आपला गुडघा टेकवून वजन द्यायचात. वरून कुणाला काही दिसायचं नाही. कुणी विचारलंच, तर मी सांगायचो, तरणा असताना फडात कोयता लागला, शीर दुखावली. छातीठोक सांगतो दाजी, इतकी वर्षं त्या बाजारात बसलो, पण माझ्या गोळीचा सुगावा मी एकाला लागू दिला नाही. अख्खा बाजार कोयत्यावर विश्वास ठेवून होता.

मग तुम्ही गेलात. सकाळी माझ्या आक्काच्या हातचा चहा प्यालात, कप खाली ठेवलात, "जरा कळ यायलीय" म्हणालात, आणि संपलं. इतकी घाई? गुळाचा डबा अर्धा भरलेला होता.

तेराव्यानंतर पहिल्या बाजारात मी एकटा बसलो. नांदेडकडचा नवा माणूस होता. रुमालाखाली माझं बोट त्याच्या हातात असं नाचलं की त्यानं खालचा भाव धरला आणि हात झटकून उभा राहिला. सौदा मोडायचा नसतो. चांगली पाठी, तरणी शेळी, मातीमोल गेली. घरी आलो, ओसरी मोकळी होती. गोळी माझ्याच हातात होती, बघायला कुणी नव्हतं. व्यापारी माणूस काय करतो? तोटा कुठून गळतोय ते बघतो आणि तिथं बूच मारतो. मी बूच मारलं. गोळी सोडली.

आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस सोन्यासारखे होते. आठवडे गेले तसा हात थंड झाला. पहाटे कोंबड्याबरोबर जाग यायला लागली. भाकरीला चव आली. पायांतली करडं निजली. मंगल एकदा पाठमोरी उभी राहून नुसतीच हसली, ते हसू मी किती वर्षांनी ऐकलं असेल! बाजारात माझा हात रुमालाखाली दगडासारखा. मी मनात म्हटलं, बघा दाजी.

तर तुम्ही बघितलंत. मागून तुमचा आवाज आला, खाकरून, नेहमीसारखा. त्या बोकडाचा भाव सांगितलात. मी तोच भाव दाबला आणि सौदा जुळला. मान वळवली नाही. माहीत होतं, मागे कुणी नसणार. पण तुमचा आवाज होता हो! पाव्हण्यांना मी हाकललं असतं. तुम्हाला कसं हाकलू?

रोज यायला लागलात. गाडीत, गोठ्यात, नदीच्या वाटेला. मी एकटा बोलतो म्हणून मंगल बघायची, मी फोन कानाला लावायचो. एक गोष्ट मात्र माझ्या तिखट कानांना खटकत होती. तुम्ही जिवंतपणी एकदाही बाजारात तोंडानं भाव उच्चारला नाहीत. घरी आल्यावरसुद्धा बोटं दाखवायचात. आणि हे दाजी मोठ्यानं भाव बोलत होते. मला कळत होतं. कळूनही मी स्वतःची समजूत घालत होतो की मेलेल्या माणसाला कसला आलाय बाजाराचा नियम.

मग एके दिवशी तुम्ही भाव सोडून दुसरंच बोललात. म्हणालात, "चहात काय व्हतं, इचार तिला."

त्या दुपारी मी आक्काकडं गेलो. तिनं नेहमीसारखा चहा आणला. तुमचा कप होता, निळ्या काठाचा. मी तो भिंतीवर फेकला आणि तिचं मनगट धरलं. काय घातलंस त्यांना, काय घातलंस, असं विचारत मी ते पिरगाळत होतो. माझी आक्का, जिनं मला कडेवर घेऊन फडातली पाचटाची कोपी सांभाळली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती.

"ग्यानबा," ती म्हणाली, "तुजा हात थरथरंना. गोळी कवापासून सोडलीस?"

माझी बोटं आपोआप सुटली. तिच्या मनगटावर चार वळ उमटले होते, स्पष्ट, न हललेल्या हाताचे. तिनं फुटक्या कपाचे तुकडे गोळा केले, मंगलला बोलावून आणलं, आणि दोघी बायका मला दोन बाजूंनी धरून परभणीला घेऊन गेल्या. एसटीत मी या खेपेला बसलो. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, थरथर सांगायची असते, गोळी सोडायची नसते. आता दुसरी गोळी आहे. हात पूर्वीपेक्षा थोडा कमी हलतो, झोप मात्र अशी येते की जेवताना घास हातात राहतो. कंबर परत वाढायला लागलीय. मंगल उशीवर धोतराची घडी टाकते.

तुम्ही लगेच गेला नाहीत. आवाज बारीक होत गेला, विहिरीच्या तळातून यावा तसा. काय बोलता ते कळेना, पण तुम्ही आहात हे कळायचं. गोळी जिभेवर ठेवताना रोज मला वाटायचं, आज आपण दाजींना आणखी एक पाऊल लांब ढकलतोय. पहिल्यांदा गेलात तेव्हा मी तिरडीला खांदा दिला. दुसऱ्यांदा मी माझ्या हातानं तुम्हाला घालवलं, पाण्याच्या घोटाबरोबर. सांगा, हे कोणत्या सुतकात बसतं?

काल बाजारात मी कान लावून बसलो होतो. शेळ्या ओरडत होत्या, एक करडू खोकत होतं, चहावाला कप विसळत होता. मागून काही नाही. कितीतरी वेळ काही नाही. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण ही गोळी तेही पूर्ण येऊ देत नाही.

तेव्हा शब्द देतो, दाजी. गोळी रोज घेईन, आक्काच्या समोर, तिच्या ओसरीवर. तुमचा गुळाचा डबा तिच्याकडंच ठेवलाय. खडा आता ती खाते, आणि माझं तोंड उघडून बघते. ती तुमच्यासारखी भिडस्त नाही. हात जास्त हलला तर डॉक्टरला जाऊन सांगेन. आणि तुम्ही पुन्हा मागून बोललात, तर मी उत्तर देणार नाही. राग मानू नका. तुमच्यावर माझा जीव आहे, म्हणूनच देणार नाही.

आता एक राहिलं. काल मानवतच्या रहीमभाईंबरोबर सौदा होता. रुमाल टाकला आणि माझा हात नाचायला लागला. त्यांनी दुसरा हात रुमालाखाली घातला, माझं मनगट खालून धरून ठेवलं, आणि मग निवांत बोटं मोजली. जणू रोजचंच काम. सौदा झाल्यावर मी कोयत्याची गोष्ट काढली. ते शेळीच्या गळ्यात दोरी अडकवत होते, वर न बघता म्हणाले, "रहने दो ग्यानबा. दाजीनं पैल्याच साली सगळ्या बाजाराला सांगितलं व्हतं, गोळीनं हलतो, मनगट धरून मोजा म्हून."

तुमचा मेव्हणा,
ग्यानबा