हरभऱ्याच्या आंबेची बाटली

आत्याबाई,

तुमच्या सुनेला लिहिता येतं हे तुमाला लग्नातच कळालं होतं आणि ते काही आवडलं न्हवतं. "दुसरी इयत्ता शिकलेली पोरगी केली बाई, आता ही चुलीपुढं बसून चिठ्ठ्या लिवणार," असं तुमी शेजारणीला म्हणाल्या होत्या, नेमकं मला ऐकू जाईल अशा बेतानं. तुमाला जाऊन आता तीस वर्सं झाली. मीबी आजी झाले. आणि बघा, चुलीपुढं बसून चिठ्ठीच लिहायलेय, तीबी तुमालाच. नातीच्या वहीचा मागचा कागद फाडलाय. अक्षर वाकडं येतंय, पण तुमाला कुठं वाचता येत होतं, म्हणून मला काळजी न्हाई.

यंदा थंडी झकास पडलीय. दुष्काळाच्या साली हिवाळा आला कधी अन् गेला कधी कळालंबी न्हवतं, रानात हिरवी काडी न्हवती. यंदा हरभरा गुडघ्याला लागलाय. सकाळी उगवतीच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, हातावर बाजरीची भाकर, तिच्यावर तिळाची चटणी. नातवंडं अंगावर येऊन पडतात, मी शिव्या देते, ती हसतात अन् अजून चिकटून बसतात. म्हातारपणी इतकं सुख असतं हे तुमी मला सांगितलं न्हवतं. गुडघे दुखतात तेवढं सांगितलं. सून मला आत्याबाई म्हणून हाक मारते तवा मी अजून मागं वळून बघते, तुमी आल्या का काय म्हणून.

माझा ह्या घरातला पहिला हिवाळा आठवतो. कोंबडा आरवायच्या आत तुमी मला पायानं हलवायल्या. "ऊठ गं, आंबेला जायचंय." मी वालूरची, बापाचं दुकान, रानात कधी गेलेली न्हाई. मला वाटलं आंबे आणायचेत, हिवाळ्यात कुठले आंबे! रानात पोचलो तर समदा हरभरा दवानं पांढरा. तुमी धोतराचं धुतलेलं फडकं काढलं, एक टोक मला दिलं, एक तुमी धरलं, अन् आपण दोघी झाडांच्या शेंड्यांवरनं ते फडकं ओढत चाललो. पानावरचा सगळा आंबट खार दवासंगं फडक्यात उतरला. माझ्या नडगीवरच्या ओरखड्यांना तो असा झोंबला की मी रडले. "रडून आंब वाढत न्हाई, पीळ," तुमी म्हणाल्या. मी पिळलं, पण तुमी बाटली काढायच्या आत माझ्या पितळी तांब्यात. घरी येईस्तोवर सगळं कळकून हिरवं झालं. तवा तुमी जे बोलल्या ते मी ह्या कागदावर लिहिणार न्हाई, नात वाचायला शिकलीय.

पण दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर तुमी गवऱ्या पेटवल्या, त्यात हरभऱ्याचे ढाळे भाजले, अन् पहिली ओंजळ माझ्या पदरात टाकली. दोघींचीबी तोंडं काळी झाली. तुमी हसल्या. ह्या घरात तुमाला हसताना मी तवा पहिल्यांदा बघितलं. त्याच हिवाळ्यात तुमी मला वाकळ शिवून दिली. तुमची तीन जुनी लुगडी, आत मामंजींचं धोतर, टाके असे की मुंगीला वाट मिळू नये. "घे. रातभर दात वाजवतीस, माझी झोप मोडती." गोड बोलायची रीत आपल्या घरात न्हवती. अजूनबी न्हाई, मी येऊ दिली न्हाई.

मग तो हिवाळा, रझाकारीच्या आदला. तुमचं पोट धरलं. परभणीच्या दवाखान्याचं नाव काढलं की तुमी भिंतीकडं तोंड करायच्या. "मला आंब द्या, बास. पोटाला तेच औषध." मी रोज अंधारात उठून जायची, एकटीच फडकं ओढायची, वाटीभर आणायची. आठ-दहा दिवस आणली. मग एका सकाळी पोरगं तापलेलं होतं, माझं उठणं झालं न्हाई. उन्हं वर आली, दव उडून गेलं. मी काय केलं? चिंच कोळली, फडक्यातनं दोनदा गाळली, पाणी घातलं, मिठाचा खडा टाकला, बाटलीत भरून तुमच्यापुढं ठेवली. तुमी वाटीभर प्याल्या, ओठ पुसले अन् म्हणाल्या, "आजची आंब झकास हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता आराम वाटतो गं. उद्यापासनं नको जाऊ." मला वाटलं, चिंचेनंच गुण आला. चैतात तुमी गेल्या.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. पहिली काही वर्सं मनात मिजास होती, एवढ्या कडक सासूला कसं फसवलं म्हणून. मग वय झालं अन् भीती बसली. दुखऱ्या पोटात मी खोटं औषध घातलं, त्यानंच तर न्हाई ना गेली म्हातारी? पोखर्णीच्या नरसिंहापुढं दरसाल हात जोडायची, पण तिथंबी उघड बोलायचा धीर झाला न्हाई.

आता परवाचं ऐका. माझं पोट दुखायलंय, तुमच्यासारखंच. सुनेला म्हणलं, आंब आण. ती वाटी घेऊन आली. मी एक घोट घेतला. आत्याबाई, चिंच! आंबेला मागून खार येतो, चिंचेला मागून गोडी येते, हे काय लपतं का? वर मीठसुदिक घातलं न्हवतं. माझी लबाडी तरी निगुतीची होती! शिव्या पार जिभेच्या टोकापत्तूर आल्या. मग मी तिच्याकडं बघितलं. धाकटं काखेला, टाचा भेगाळलेल्या, बोटं चिंचेनं तांबूस झालेली, नजर खाली जमिनीवर. अन् माझ्या तोंडातनं निघालं, "आजची आंब झकास हाय." तिनं खांदे सैल सोडले. मी वर म्हणलं, "उद्यापासनं नको जाऊ गं. आराम हाय."

बोलले अन् माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. हे तर तुमचं बोलणं, अक्षर न् अक्षर. ज्या बाईला नुसत्या वासावर डाळीतलं मीठ कमी-जास्त कळायचं, तिला चिंच कळली न्हाई? मला आराम कुठं पडला होता? पोटात तशीच कळ होती. म्हणजे तुमालाबी न्हवता पडला. त्यानंतर तुमी एकदाबी आंब मागितली न्हाई. कळा येत होत्या, तुमी पाय पोटाशी घेऊन पडायच्या, मी डोळ्यांनी बघत होते. पण सुनेला पहाटेच्या थंडीत परत धाडलं न्हाई तुमी. अन् मी तीस वर्सं समजत होते की मी तुमाला फसवलं.

लय उपकार झाले, आत्याबाई. समोर असत्या तर म्हणाले नसते.

ही चिठ्ठी धाडायची कुठं? आंबेच्या बाटलीचं बूच नातवंडांनी हरवलंय, ह्या कागदाची सुरळी करून तीच लावीन म्हणते. एक मात्र राहिलं. त्या सकाळी पोरगं तापलं होतं असं वर लिहिलंय, ते खोटं हाय. तीस वर्सं स्वतःलाच सांगून सांगून ते हातातनं तसंच उतरलं. पोरगं निवांत झोपलं होतं. कोंबडा आरवलेला मी ऐकला, तुमी कण्हत होत्या तेबी ऐकलं. पण तुमी शिवलेली वाकळ लय ऊबदार झाली होती. मला उठू वाटलं न्हाई.