रद्द न केलेला जॉब

सोमवार, २ फेब्रुवारी

आज कामावर रुजू झालो! ताईने सकाळी हातावर साखर ठेवली आणि स्कूटीवर मागे बसवून पिंपळे गुरवहून थेट चाकणला आणून सोडलं. तिची वायरिंगची कंपनी याच रस्त्यावर, थोडी पुढे. विजयश्रीताई नसती तर आयटीआय अर्धवट सोडलेल्या मला गावाकडून इकडे कोणी बोलावलं असतं?

ऑफिस छोटं आहे, पण गारेगार. काचेपलीकडे कपाटांसारखी यंत्रं उभी आहेत, सगळी मिळून एक संगणक. त्याला क्लस्टर म्हणतात. खऱ्या गाड्या न फोडता त्यांची धडक त्याच्यावर आकड्यांत करून बघतात. हिंजवडीतले इंजिनिअर तिथूनच एकेक काम, म्हणजे जॉब, सोडतात. तो रांगेत लागतो, पाळी आली की चालतो. अडकला तर रद्द करायचा, आणि रद्द फक्त इथल्या टेबलावरून होतो. तेच माझं काम. काळ्या पडद्यावर एस, त्याला जोडून कॅन्सल, मग जागा सोडून जॉबचा नंबर. अक्षर चुकलं तर कमांड चालत नाही. आकडा चुकला तर भलत्याचंच काम मरतं. म्हणून मी दोनदा वाचतो आणि मगच एन्टर दाबतो. मधुसूदन सर म्हणाले, मला असाच माणूस हवा होता.

माझा आयडी अजून तयार नाही. तोवर आधीच्या ऑपरेटरच्या, ज्योतीरामच्या आयडीवर बसायचं. तो आता नसतो. नवा आयडी लवकर द्या, असं मी सरांना सांगून ठेवलं आहे. दुसऱ्याच्या नावाने काम करणं मला बरं वाटत नाही.

टेबल रस्त्याकडच्या भिंतीला लागून आहे. भिंतीचा मधला भाग नवा बांधलेला दिसतो. तेवढ्या प्लास्टरचा रंग वेगळा आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

हिंजवडीच्या ऋता मॅडमनी फोनवर नवीन गोष्ट शिकवली. एक जॉब दुसऱ्याला बांधता येतो. पहिला फसला किंवा रद्द झाला, तरच दुसरा सुरू होतो. पहिला नीट पूर्ण झाला, तर दुसऱ्याची गरज नाही असं समजून तो आपोआप रांगेतून जातो. मी हे असं लक्षात ठेवलं: उशी मिळाली नाही, तरच गादीची गुंडाळी डोक्याखाली. मॅडम खूप हसल्या.

दुपारी रांगेत एक जॉब दिसला, मालक ज्योतीराम. मी तर काही सोडलं नव्हतं. चालू जॉबचं चित्र बघता येतं, म्हणून उघडलं. एक पिकअप, आत डमी, म्हणजे माणसाच्या जागी बसवतात तो पुतळा, आणि मागे बांधलेली म्हैस. एसी बघणारा पिंटू खांद्यावरून वाकून म्हणाला, “राव, आता म्हशीची क्रॅश टेस्ट! तिला पण एअरबॅग लावा की!” मीही हसलो. कोणीतरी गंमत केली असेल. जॉब पूर्ण होऊ दिला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

येताना तळेगाव चौकाच्या अलीकडे गर्दी होती. पिकअप ट्रेलरखाली गेलेली. ड्रायव्हर जागीच गेला. तुटलेला दोर गळ्यात घेऊन म्हैस दुभाजकावर उभी होती. बॉनेट जसं दुमडलेलं होतं तसंच काल चित्रात दुमडलं होतं. मी ते नीट पाहिलं आहे. मी नीटच पाहतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा ज्योतीरामच्या नावाचा जॉब. कंपनीची बस. मागच्या काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला. आत सगळ्या सीटवर डमी.

कमांड लिहिली. नंबर दोनदा वाचला. एन्टर. जॉब गेला.

एवढंच? एवढंच करायचं असेल तर मी रोज करीन. शंभर सोड, ज्योतीराम. मी शंभर रद्द करीन.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पुठ्ठ्याची बस आज गेटसमोरून गेली! आतल्या बायका भेळ खात होत्या. मी हात हलवला, तर एकीने मला वेडावून दाखवलं. एवढा आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

दुपारी सरांनी पेढा दिला. माझा आयडी आला. पडद्यावर माझं नाव, ओंकार, एकही चूक नाही. ज्योतीरामचा आयडी सरांनी माझ्यासमोर बंद केला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

स्कूटी. डाव्या आरशाला निळी चिकटपट्टी. हुकला तीन पुडांचा डबा.

कोणता इंजिनिअर डबा काढील?

ती चिकटपट्टी मी स्वतः लावली आहे. तो डबा मी रोज घासतो.

मालक: ज्योतीराम. कमांड लिहिली, एन्टर दाबला. उत्तर आलं, परवानगी नाही. पुन्हा केली. परवानगी नाही. माझ्या आयडीला इंजिनिअरांचे जॉब रद्द करता येतात आणि माझे स्वतःचे. ज्योतीरामचे नाहीत.

सरांना जुना आयडी परत मागितला. ते म्हणाले, “अरे, मेलेल्या माणसाचा आयडी कशाला हवाय तुला? आणि कुठला जॉब? दाखव.” त्यांच्या लॉगिनवर रांगेत तो दिसतच नाही. माझ्या पडद्यावर दिसतो, बारा टक्के.

मेलेला, हे मला आज कळलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळी स्कूटीची चावी लपवली. ताई कडाडली, “डोकं फिरलंय का रे तुझं? मी लाइनची लीडर आहे, मी घरात बसू होय?” आणि बसने गेली. ऑफिसात येऊन बघतो तर चित्रात स्कूटी नाही. बसची पायरी आहे. डबा तोच.

म्हणजे जागा बदलून उपयोग नाही.

आज गुरुवार, लाइट जाण्याचा वार. लाइट गेल्यावर यंत्रं थोडा वेळ बॅटरीवर चालतात. जनरेटर लागायच्या आत मी काचेपलीकडे जाऊन बॅटरीचाही मेन स्विच ओढला. सगळी यंत्रं गप्प झाली. सर भयंकर ओरडले. ओरडू देत. पण परत चालू केल्यावर सगळे जॉब आपापल्या जागी उठून बसले. ताईचा एकेचाळीस टक्के.

थांब. मी अजून हरलेलो नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

गेटवरच्या आबाजींना ज्योतीरामबद्दल विचारलं. आधी तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, “लई भला पोरगा. शेवटी शेवटी कुनाशी बोलत न्हवता. जागचा हालायचा न्हाई. म्हनायचा, आबाजी, मी लोकांना थांबवतोय.” कसा गेला म्हणून विचारलं. त्यांनी मान वळवून माझ्या टेबलाकडे पाहिलं. “कंटेनर आला की भिंत फोडून. तिथंच.”

म्हणजे ज्योतीरामही रद्दच करत होता. मग त्याच्या नावाने सोडतं कोण?

ताईचा अठ्ठ्याहत्तर.

शनिवार, १४ फेब्रुवारी, सकाळी

नवीन जॉब. सगळं क्लस्टर व्यापून बसला आहे. ताईचा मागे ढकलला गेला, नव्याण्णववर थांबलाय.

नव्याचा मालक: ओंकार.

चित्र उघडलं. खोली. टेबल. वेगळ्या रंगाची भिंत. खुर्चीत डमी. हात की-बोर्डवर नाहीत, हातात पेन आहे.

हा जॉब माझा आहे. हा मला रद्द करता येतो. कमांड लिहूनही झाली होती. पण मी दोनदा वाचतो. म्हणून ताईच्या जॉबपुढची ओळ दिसली. तो माझ्या जॉबला बांधलेला आहे. माझा रद्द झाला, तरच तिचा सुरू. माझा पूर्ण झाला, तर तिचा रांगेतून जाणार.

अच्छा. असं आहे तर.

लिहिलेली कमांड खोडली. एकेक अक्षर.

शनिवार, दुपारी

ऋता मॅडमचा फोन. तुझ्या नावाच्या जॉबने सगळं अडवलंय, आत्ता रद्द कर. मी नाही म्हटलं. रद्द करण्यासाठीच ठेवलंय ना तुला, म्हणाल्या. हो मॅडम, पण हा नाही.

सरांचाही फोन. मीच येऊन करतो, आणि तुझा हिशोबही आजच. निघाले, पण हिंजवडी चौकात अडकलेत. अडकू देत.

पिंटू म्हणाला, “भावा, सरक, मी दाबतो.” त्याला खोलीबाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली. तो काचेवर थापा मारतोय. मार.

उठून गेलो तर कोणीतरी येऊन रद्द करील. म्हणून उठत नाही.

माझा एकोणनव्वद.

मला वाटतं, ज्योतीरामपुढेही असाच जॉब आला असेल. असाच कोणाचा तरी बांधलेला. तोही हलला नाही. मग त्याच्या नावाने जे काही सोडत असेल ते ज्योतीराम नाही. त्याचं नाव वापरतंय फक्त. उद्या माझं वापरेल. वापर. पण ताई तुला मिळणार नाही.

ताईला फोन केला. जेवत होती. चावी पिठाच्या डब्यामागे आहे एवढं सांगितलं. गाढव आहेस, म्हणाली. आवाज छान होता.

पंच्याण्णव.

रस्त्यावर कुठेतरी लांब हॉर्न. सोडतच नाहीये—

शनिवार

सरांची गाडी गेटात. आबाजी मुद्दाम गेट हळू उघडतायत. शाबास आबाजी

अठ्ठ्याण्णव

मी विचार करून ठेवलाय. आधीच्या वेळी जॉब संपला आणि अपघात नंतर झाला. मध्ये वेळ मिळतो. पूर्ण झालं की पेन टाकायचं, कडी काढायची आणि पळायचं. डमीच्या हातात पेन आहे. माझ्या नसेल. मीही मिळणार नाही तुला—

नव्याण्णव. हॉर्न जवळ—

सर दार ठोकतायत

पूर्ण

पूर्ण झाला! रांग बघितली. दोनदा वाचली. ताईचा जॉब नाही. नाही! रांगेत कुठेच नाही. एवढं फक्त लिहून ठेवतो आणि पेन खाली ठे