धानाचे चौकोन

२ डिसेंबर
शाळेतली नवी मॅडम, गोंदियाची नीतू, पहिलीच्या पोट्ट्याइले कॉम्प्युटर शिकवून राहिली. कॉम्प्युटर काही नाही. आंगनात खडूनं चौकोन काढते. एक पोट्टं रोबोट बनते, बाकीचे हुकूम सोडतात. एक घर समोर. उजवीकडं वळ. सांगितलं तेवढंच करायचं. म्हनते, हाच प्रोग्राम. मी कुंपनावरून म्हनलं, असा रोबोट मी जन्मभर सांभाळला, आता फोटोत हाये.
हा खेळ घ्याले मॅडमले रोज तासभर गावातली एक बाई पायजे. शेजारची शामकला म्हनते, मी जाईन. तिले तोंडच नाही. माझंच पक्कं. घरी तरी कोनाशी बोलावं?

३ डिसेंबर, सकाळ
ठरवलं. आता मास्तरीन व्हायचं, तर कोनाले चिडवायचं नाही.

दुपार
पहिलीतल्या दुर्गेशले शेंबडा कॉम्प्युटर म्हनलं. हे चिडवनं नाही, लाड होय.

५ डिसेंबर
सोमवारी साहेब शाळा पाहाले येनार. त्या दिवशी खेळ मी घेनार. शामकलानं पन हात वर केला होता. मले दिसला नाही.

८ डिसेंबर
खडू पुसून जाते. माझं डोकं चाललं. घरात नवं धान हाये, त्याच्याच रेघा टाकनार. कसं सोन्यावानी दिसंल. शामकला म्हनली, बाई, धान कायले? जळते बिचारी.

९ डिसेंबर
साहेब आले. मोनाली रोबोट. पोट्ट्याइनं हुकूम सोडला, एक घर समोर. मोनाली रेघेपाशी उभीच. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी उभीच. मग पाय टाकला, तो दान्याले लागला. लगेच वाकली, धानाच्या पाया पडली. मग हरेक रेघेले तसंच. साहेबानं इचारलं, हा हुकूम कोनाचा? मोनाली म्हनली, माह्या घरच्या आजीचा. धानाले पाय लागला का पाया पडायचं, खळ्यावर आजीनंच शिकवलं.
बाकीचे चौकोन रामलालच्या कोंबड्याइनं खाल्ले.
साहेब लय हसले. म्हंजे पसंत पडलं.

१० डिसेंबर
मॅडम घरी आली. रोजचा खेळ शामकला घेनार. पन तुमच्यासाठी येगळं काम हाये म्हनते, तुमच्याशिवाय कोनाले जमनार नाही. मी म्हनलंच होतं.

११ डिसेंबर
मी रोबोट.
आजी, दोन घर समोर. आजी, वळ. आजी, मागं. दुर्गेशच्या नाकाबद्दल बोलाले तोंड उघडलं, तर शामकला म्हनते, रोबोट बोलत नसते. झालं. सारे पोट्टे तेच घोकून राहिले. तासभर तोंड बंद. असं माह्या लग्नातही झालं नव्हतं.
उद्या बोलावलं हाये. जाईन. माझ्याबिगर त्याइचा प्रोग्राम अडते.
मी घरी आली. फोटोतले आमचे मालक हसून राहिले होते. फोटोचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं.