ट्रक गेला, दुसरं काही नाही

झरी, ता. तलासरी
८ जानेवारी २०१९

ती. संगीताताईस,
जिजाचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना चिठ्ठी लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर बोलले की दक्षा कान लावून ऐकते. आमचे धाकटे दीर, उमेशभावजी, उद्या डहाणूला येतायत. त्यांच्या हाती ही देते.

जमीन अजून हलतेच आहे. काल चार वेळा. आधी खालून घरघर येते, मग पत्रे वाजतात आणि माझ्या छातीत असं धडधडतं की पाय जागचे उचलत नाहीत. आम्ही बाहेर प्लास्टिकच्या मांडवात राहतो. आतून पातेलं आणायचं तरी सासूबाईच आणतात, माझी छाती होत नाही.

माझं सोड, पोरीची काळजी आहे. सात वर्षांची दक्षा पंधरा दिवस शाळेत गेलेली नाही. माझा हात सोडत नाही. तिला भूकंपाचं कळू नये म्हणून मी पहिल्यापासून सांगत आले की ट्रक गेला, दुसरं काही नाही. आता परवा चारोटीला हायवेवर प्रत्येक ट्रकला तिने माझा हात करकचून धरला. सासूबाई म्हणतात, काहीतरी लागलंय, रविवारी भगताकडे नेऊ. तू हॉस्पिटलात मनाच्या दुखण्याचं काम करतेस. माझी पोर वेडी होतेय का? खरं सांग, मला फार भीती वाटते.

लोभ असू दे, आणि उत्तर लवकर दे.
तुझी जिजा

डहाणू
१० जानेवारी

चि. सौ. जिजा हीस अ. उ. आ.

लहानपणी गूळ खाऊन मुंगळ्यांचं नाव सांगणारी तू, आता भूकंपाला ट्रकचं नाव देतेस!

दक्षा वेडी नाही, तूही नाहीस. ती धडधड म्हणजे जीव वाचवायला शरीराने केलेली धावपळ. ती चढते तशी थोड्या वेळाने उतरतेही. इथे आम्ही घाबरलेल्या लोकांना सांगतो की पाय जमिनीवर घट्ट टेकवा, पण तुमच्याकडे जमिनीचाच भरवसा नाही, तेव्हा तू श्वास हळूहळू सोडत जा. भिंतींना तडे असतील तर बाहेरच राहा, ती भीती शहाणी आहे.

मात्र पोरीशी खोटं बोलणं बंद कर. लेकरू शब्दापेक्षा आईचा चेहरा आधी वाचतं. ट्रकपायी आई पांढरीफटक पडते म्हटल्यावर तिने काय समजायचं? भूकंप होतोय हे सांग, आणि तुला भीती वाटते हेही सांग. सासूबाईंचं मन मोडू नकोस, भगताकडे जायचं तर जा. पण आधी हे कर, आणि पुढच्या आठवड्यात तिला इकडे घेऊन ये.

माया आहेच, ती काय लिहायची.
तुझी ताई

झरी
१७ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. शनिवारी जमीन हलून थांबली, तेव्हा तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली की तिला माहीत आहे, शाळेत बाईंनी बाकाखाली बसायला शिकवलंय. आणि आपल्या पाड्यावर ट्रक येईल असा रस्ता तरी कुठे आहे, असं मलाच विचारलं.

मग शाळेत का जात नाहीस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, घरघर झाली की आईचा हात थरथरतो, चारोटीला ट्रकच्या आवाजानेही थरथरत होता. ती शाळेत गेली तर तो कोण धरणार? ताई, मी समजत होते की मी तिला धरून आहे. फार रडले गं. तीही रडली, पण मला बरं वाटलं.

आज ती शाळेत गेली. अकराच्या सुमाराला जमीन हलली. मांडवात मी एकटीच होते. शाळेकडे धावत सुटावंसं वाटलं, पण गेले नाही. हात थरथरत होता, तो दुसऱ्या हाताने धरून बसले आणि श्वास सोडत राहिले. ती घरी यायला अजून दोन तास आहेत. मला भीती वाटतेय, आणि मी बसून आहे.

अशीच पाठीशी राहा.
तुझी जिजा